योनिमुखाची जुनाट वेदना आणि विद्युत उद्दीपनाचा उपचार

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियात किमान तीन महिने टिकून राहिलेली आणि तपासणीत जंतुसंसर्ग, त्वचारोग, गाठ किंवा अन्य कोणतेही स्पष्ट कारण न सापडणारी वेदना म्हणजे ‘व्हल्व्होडिनिया’ होय. या विकारांचा अभ्यास करणाऱ्या तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन ही व्याख्या निश्चित केली. वेदना एकाच जागी आहे की सर्वत्र, स्पर्शाने उमटते की आपोआप, पहिल्यापासून आहे की काही काळ सुरळीत गेल्यानंतर सुरू झाली, या प्रश्नांवरून तिचे प्रकार पाडले जातात. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार योनिद्वाराभोवतीच्या अरुंद पट्टीत जाणवतो. या पट्टीला शरीरशास्त्रात व्हेस्टिब्यूल म्हणतात. वाड्याच्या महाद्वारातून आत शिरताच जी जागा लागते तिला आपण देवडी म्हणतो. व्हेस्टिब्यूलचा शब्दार्थही नेमका तोच. म्हणून पुढील विवेचनात या भागासाठी देवडी हाच शब्द योजला आहे. देवडीपुरत्या मर्यादित वेदनेचे वैद्यकीय नाव ‘व्हेस्टिब्युलोडिनिया’.

ही वेदना बहुधा आगीसारखी, चुणचुणणारी किंवा सुई टोचल्यासारखी असते. शरीरसंबंधाच्या वेळी ती प्रकर्षाने जाणवते, पण तेवढ्यापुरतीच ती असते असा समज चुकीचा आहे. घट्ट कपडे, मासिक पाळीतील पॅडचे घर्षण, दुचाकीवरील अर्ध्या तासाचा प्रवास, कार्यालयातील खुर्चीवर घालवलेला दिवस, यांपैकी काहीही ती चेतवू शकते. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील १८ ते ६४ वयोगटातील स्त्रियांची पाहणी बर्नार्ड हार्लो आणि एलिझाबेथ स्टुअर्ट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा अशी वेदना तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ सोसल्याचे सांगितले. त्यांतील जवळपास ४० टक्के स्त्रिया उपचारांसाठी कोणाकडेही गेल्या नव्हत्या. ज्या गेल्या, त्यांतील ६० टक्के स्त्रियांना तीन किंवा अधिक डॉक्टरांचे उंबरे झिजवावे लागले, आणि त्यानंतरही अनेकींना निदान मिळाले नाही. प्रगत वैद्यकीय सेवा असलेल्या शहराचे हे चित्र आहे.

अलीकडे या वेदनेवर मज्जातंतूंना सौम्य विद्युत स्पंदने देण्याच्या उपचाराची चर्चा होऊ लागली आहे. हा उपचार एकच नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातील लहानशा यंत्रापासून पाठीच्या कण्याजवळ शस्त्रक्रियेने बसवायच्या उपकरणापर्यंत त्याच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येकीमागील पुराव्याचे वजन सारखे नाही. उपकरण जितके खोलवर जाणारे आणि महागडे, तितका त्याच्यामागील पुरावा तोकडा, अशी आजची स्थिती आहे.

नाव नसलेली व्यथा

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ टी. गेलार्ड थॉमस यांनी १८८० मध्ये आपल्या ग्रंथात या विकाराचे वर्णन केले होते. डोळ्यांना काही दिसत नाही, सूज नाही, तरीही त्या भागातील मज्जातंतू कमालीचे संवेदनशील झालेले असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजे दोष मज्जातंतूंत आहे, हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी लिहिले गेले होते. पुढे कित्येक दशके वैद्यकाने या निरीक्षणाकडे पाठ फिरवली. १९७० च्या दशकात विषय पुन्हा चर्चेत आला. १९८७ मध्ये एडुआर्ड फ्रीडरिख यांनी निदानाचे निकष मांडले, परंतु त्यांनी विकाराला दिलेल्या नावात दाह अभिप्रेत होता. जंतू किंवा दाह शोधून त्यावर मलमे देण्याची परंपरा त्यामुळे आणखी काही काळ चालू राहिली. पुढे दाहाचा पुरावा पुरेसा न आढळल्याने ते नाव मागे पडले.

या दुर्लक्षात भाषेचाही वाटा आहे. या भागाला संवेदना पुरवणाऱ्या प्रमुख मज्जातंतूचे ‘प्युडेंडल’ हे नाव लाजणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. आपल्याकडेही गुप्तांग, गुह्य असेच शब्द रूढ झाले. मराठी स्त्री डॉक्टरांना ‘खाली आग होते’ एवढेच सांगते, आणि ऐकणारा त्याचा अर्थ लघवीचा संसर्ग किंवा पांढरे जाणे असा लावतो. औषधांच्या दुकानात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमे सहज मिळतात. ती महिनोन्‌महिने लावली जातात. जोडीला अँटिसेप्टिक द्रावाने धुण्याची सवय असतेच. या दोहोंनी देवडीची नाजूक त्वचा अधिकच क्षोभते. नवविवाहितेच्या बाबतीत तर मूल का होत नाही याच्या तपासण्या सुरू होतात, आणि संबंधच वेदनेमुळे होत नाहीत ही गोष्ट शेवटी, तीही कुणी आडून विचारल्यास, पुढे येते.

निदानाला मात्र कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. कापसाचा ओलसर बोळा लावलेली काडी घेऊन डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करतात आणि बाहेरच्या ओठांवरून देवडीपर्यंत येतात. देवडीवर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे निरनिराळ्या बिंदूंवर हलकासा दाब दिला जातो आणि प्रत्येक बिंदूवरील वेदनेला स्त्री शून्य ते दहा असे गुण देते. निरोगी स्थितीत ज्या स्पर्शाचे काहीच वाटू नये, तोच स्पर्श येथे चटका दिल्यासारखा जाणवतो. त्याच वेळी योनिस्रावाची तपासणी करून बुरशी आणि इतर संसर्ग वगळावे लागतात. त्वचा पांढुरकी, पातळ किंवा सुरकुतलेली दिसत असेल, सतत खाज येत असेल, न भरणारी जखम असेल किंवा रक्त जात असेल, तर हा विकार निराळा आहे असे समजून आधी त्याचा शोध घ्यावा लागतो. प्रसंगी त्वचेचा सूक्ष्म तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे होणारा कोरडेपणाही अशीच आग निर्माण करतो, आणि त्यावरचा उपचार तुलनेने सोपा आहे. ही चाळणी लावल्याशिवाय विद्युत उपचाराकडे वळणे योग्य नव्हे.

वेदना नेमकी कोठे असते?

प्युडेंडल मज्जातंतू कण्याच्या शेवटच्या भागातील त्रिक मणक्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जामुळांपासून निघतो. नितंबाच्या आतून, बैठकीच्या हाडाच्या टोकाला वळसा घालून तो एका अरुंद नळीसारख्या वाटेने पुढे येतो. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही वाट ओळखली जाते. पुढे त्याच्या शाखा गुदद्वार, योनिद्वाराभोवतीचा भाग आणि भगशिश्निका येथे पोहोचतात. या वाटेत मज्जातंतूवर ताण किंवा दाब आला तर जी वेदना होते तिला प्युडेंडल न्यूराल्जिया म्हणतात. फ्रान्समधील नॉन्त येथील तज्ज्ञांनी २००८ मध्ये तिचे निकष प्रसिद्ध केले: वेदना या मज्जातंतूच्याच क्षेत्रात असणे, बसल्यावर ती वाढणे, रात्री झोपेतून जाग येण्याइतकी नसणे, तपासणीत बधिरपणा न आढळणे आणि मज्जातंतूजवळ भूल दिल्यावर तात्पुरता आराम पडणे. हा विकार आणि व्हल्व्होडिनिया एक नव्हेत, मात्र दोहोंची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असू शकतात. विद्युत उपचाराचा कोणता प्रकार कोणावर तपासला गेला, हे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

देवडीच्या वेदनेत मज्जातंतूंच्या टोकांशीच बदल घडलेला असतो. १९९८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी अशा स्त्रियांच्या देवडीतील ऊतींचे नमुने तपासले, तेव्हा वरच्या थरात मज्जातंतूंच्या टोकांची संख्या निरोगी स्त्रियांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळली. वेदना ‘मनाची’ आहे असे ऐकून परत आलेल्या असंख्य स्त्रियांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे. गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. परिघावरून दीर्घकाळ वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदूतील यंत्रणाही हळवी होते, साध्या स्पर्शाचे भाषांतर ती वेदना असेच करू लागते. याला केंद्रीय संवेदनवृद्धी म्हणतात. आणि वेदनेच्या धास्तीने ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे श्रोणितळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात. आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो. मज्जातंतूंची टोके, मज्जारज्जू आणि स्नायू असे हे तीन पदरांचे दुखणे आहे, आणि एकाच औषधाने ते क्वचितच सुटते.

प्रवाहाने वेदना कशी शमते?

विजेचा वेदनेवर उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी आणि संधिवातावर टॉर्पेडो या विद्युत माशाचा स्पर्श सुचवला होता. शास्त्रीय पाया मात्र १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी घातला. पायाला ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि बरे वाटते. चोळण्याची, स्पर्शाची संवेदना जाड तंतूंतून वेगाने जाते. वेदनेची संवेदना बारीक तंतूंतून सावकाश येते. मज्जारज्जूत जणू एक दार आहे, आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते दार वेदनेसाठी अंशतः लोटले जाते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यातील तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. सौम्य प्रवाहाने जाड तंतूंना जागे ठेवता येते, हे तत्त्व मात्र टिकले. कमी वारंवारतेच्या स्पंदनांनी शरीरातील अफूसदृश नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असेही नंतर दिसून आले.

१९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या असह्य वेदना भोगणाऱ्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युताग्र बसवले. अशी शस्त्रक्रिया कोणाला लाभेल हे आधी ताडून पाहण्यासाठी त्वचेवरून प्रवाह देणारी लहान यंत्रे वापरली जाऊ लागली. तेव्हा अनेक रुग्णांना त्या यंत्रांनीच पुरेसा आराम पडू लागला. केवळ चाचणीसाठी आलेले हे उपकरण अशा रीतीने स्वतःच उपचार ठरले. त्याचे नाव ‘टेन्स’. आपल्याकडे गुडघा किंवा कंबर दुखली की फिजिओथेरपिस्टकडे जाऊन ‘करंट घेतला’ असे जे म्हणतात, त्यात बहुतेक वेळा हेच यंत्र असते.

टेन्स: सर्वांत साधी पायरी, सर्वांत भक्कम पुरावा

देवडीच्या वेदनेसाठी टेन्सचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास इटलीतील मिलान येथे फिलिप्पो मुरिना आणि सहकाऱ्यांनी केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. व्हेस्टिब्युलोडिनिया असलेल्या ४० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला योनीत ठेवायच्या, विद्युतपट्ट्या असलेल्या प्लास्टिकच्या लहान नळीतून प्रवाह देण्यात आला. दुसऱ्या गटाला उपचाराचा केवळ आभास. आठवड्यातून दोनदा, अशी एकूण २० सत्रे झाली. प्रत्येक सत्रात १५ मिनिटे १० हर्ट्झची आणि पुढची १५ मिनिटे ५० हर्ट्झची स्पंदने होती. उपचार संपल्यावर खऱ्या प्रवाहाच्या गटातील वेदना आणि संबंधाच्या वेळचा त्रास आभासी गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता, आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीतही हा फरक टिकून होता.

चाळीस ही संख्या लहान आहे, हे खरे. तरीही हा अभ्यास इतरांहून निराळा का, हे समजण्यासाठी एक वेगळे उदाहरण पाहावे लागेल. २०१० मध्ये अमेरिकेत डेसिप्रामिन हे औषध आणि लिडोकेन हे बधिरता आणणारे मलम यांची १३३ स्त्रियांवर चाचणी झाली. दोन्ही उपचार वर्षानुवर्षे प्रचारात होते. चाचणीत ते ना एकेकटे, ना एकत्र, आभासी उपचारापेक्षा सरस ठरले. मौजेची गोष्ट अशी, की निव्वळ आभासी गोळी आणि आभासी मलम वापरणाऱ्या स्त्रियांची वेदनाही सुमारे एक तृतीयांशाने घटली होती. २०१८ मध्ये गॅबापेंटिनच्या बाबतीतही तेच झाले. नियमित तपासणी, कुणीतरी नीट ऐकून घेणे, आशा, आणि वेदनेचा स्वाभाविक चढउतार यांचा मिळून एवढा परिणाम होतो. म्हणून ‘उपचारानंतर दहापैकी सात जणींना बरे वाटले’ अशा विधानाला, तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर, फारसे मोल नसते. विद्युत उपचारात ही अडचण अधिकच बिकट होते, कारण प्रवाह जाणवतो; तो नसला तर तेही कळते. आभास बेमालूम घडवणे कठीण असते. जेथे तसा प्रयत्न तरी झाला, तो अभ्यास म्हणूनच वजनदार मानावा लागतो.

पुढे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील पथकाने, इतर उपचारांनी आराम न पडलेल्या ३९ स्त्रियांना घरच्या घरी वापरण्यासाठी टेन्स दिले. २०१५ मध्ये त्यांनी कळवले की वेदना घटली आणि देवडीची त्वचा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची गरज, त्यांच्या पूर्वीच्या रुग्णांशी तुलना करता, बरीच कमी झाली. येथे चिठ्ठ्या टाकून पाडलेला तुलनेचा गट नव्हता. घरी, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या वेळी हा उपचार करता येतो, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले. लहान घरात आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या स्त्रीसाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाण्याचे कारण सांगणे हेच अनेकदा मोठे ओझे असते.

प्रत्यक्षात उपचार कसा होतो? पहिल्या काही सत्रांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट प्रवाहाची तीव्रता ठरवतात. ती शून्यापासून हळूहळू वाढवली जाते. स्पष्ट झिणझिण्या जाणवाव्यात, पण दुखू नये, ही मर्यादा. वेदना सहन करून अधिक प्रवाह घेतल्याने अधिक गुण येतो हा गैरसमज आहे. नळी घालणेच वेदनादायक असेल, तर सुरुवातीला पट्ट्या कंबरेच्या खाली, त्रिकास्थीवर किंवा योनी आणि गुदद्वार यांमधल्या जागेवर लावून पाहतात. नळी वैद्यकीय बनावटीची, त्याच वापरासाठी तयार केलेली आणि एकाच व्यक्तीसाठी असावी. गुडघ्यावर चिकटवायच्या पट्ट्या या नाजूक भागात लावू नयेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दुष्परिणाम बहुधा किरकोळ असतात, जसे थोडी लाली किंवा सत्रानंतर काही काळ वाढलेली जळजळ. ज्यांच्या हृदयात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांना त्या भागात संसर्ग, जखम, निदान न झालेला रक्तस्राव किंवा कर्करोग आहे, त्यांनी हा उपचार घेऊ नये. अपस्माराच्या रुग्णांनी तज्ज्ञाला आधी तसे सांगावे.

घोट्यापासून कण्यापर्यंत

पुढची पायरी पायाच्या घोट्याजवळची आहे. तेथून जाणाऱ्या टिबियल मज्जातंतूची काही मुळे प्युडेंडलच्याच मज्जामुळांत आहेत. म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूस, किंचित वर, केसासारखी बारीक सुई टोचून किंवा नुसती पट्टी चिकटवून अर्धा तास प्रवाह दिला तर त्याचा परिणाम ओटीपोटातील मज्जाजालावर होतो. आठवड्यातून एकदा, सलग १२ आठवडे असा त्याचा प्रचलित क्रम आहे. अतिक्रियाशील मूत्राशयावर हा उपचार स्थिरावला आहे. योनिमुखाच्या वेदनेवर त्याचे अभ्यास लहान आहेत. ज्या स्त्रीला तपासणीचा स्पर्शही सहन होत नाही तिच्यासाठी मात्र, दुखऱ्या जागेला हातही न लावता करता येणारा हा उपचार विचारात घेण्याजोगा आहे.

त्यानंतर शस्त्रक्रियेच्या पायऱ्या सुरू होतात. सॅन फ्रान्सिस्को येथे एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्रिक मज्जामुळांना उद्दीपित करणारे उपकरण विकसित केले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूत्र रोखता न येण्याच्या विकारावर त्याला मान्यता दिली; पुढे लघवी अडणे आणि शौचावरील ताबा सुटणे यांचीही भर पडली. वेदनेसाठी मात्र ही मान्यता नाही. उपकरण बसवण्याची रीत अशी: रुग्णाला पालथे झोपवून त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून चार विद्युताग्रे असलेली बारीक तार मज्जामुळाजवळ नेतात आणि तिचे दुसरे टोक शरीराबाहेरील यंत्राला जोडून काही दिवस ते दोन आठवडे चाचणी घेतात. लक्षणे निम्म्याने तरी घटली तरच नितंबाच्या वरच्या भागात, त्वचेखाली, स्पंदने देणारे यंत्र कायमचे ठेवले जाते. कधी तार थेट प्युडेंडल मज्जातंतूजवळही नेतात.

व्हल्व्होडिनियात या रोपणाबद्दल जे लिखाण आहे ते मुख्यतः एकेका रुग्णाच्या किंवा छोट्या समूहांच्या वृत्तान्तांचे आहे. त्यांत वर्षानुवर्षांच्या यातनांतून सुटका झालेल्या स्त्रिया आहेत, याबद्दल शंका नाही. पण ज्यांना गुण आला नाही त्यांचे वृत्तान्त सहसा छापले जात नाहीत. मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाजवळ विद्युताग्र ठेवण्याचा प्रयोग नॉन्त येथील पथकाने २७ रुग्णांवर केला. चाचणीत गुण आल्यामुळे त्यांतील २० जणांना कायमचे उपकरण बसवण्यात आले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. मात्र हे रुग्ण प्युडेंडल न्यूराल्जियाचे होते, सर्व उपाय थकलेले होते आणि तुलनेचा गट नव्हता. देवडीच्या स्पर्शवेदनेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

डोक्यावरून मेंदूला सौम्य प्रवाह देण्याचा प्रयोगही झाला आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये ४० स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: खरा प्रवाह आणि आभासी प्रवाह यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ‘विद्युत उपचार’ या एकाच नावाखाली सर्व काही खपवू नये, हे दाखवायला हे एक उदाहरण पुरे.

उपचारांच्या क्रमात स्थान

कॅनडातीलच मेलानी मोरँ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २१२ स्त्रियांवरील मोठी चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला श्रोणितळाची सर्वांगीण फिजिओथेरपी मिळाली, तीत माहिती, स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, बायोफीडबॅक आणि हाताने केलेले उपचार होते. दुसऱ्या गटाला रात्री लावायचे लिडोकेन मलम. फिजिओथेरपीचा गट स्पष्टपणे सरस ठरला. या विकारावर आज उपलब्ध असलेल्या चाचण्यांत ही अत्यंत विश्वसनीय चाचणी आहे. टेन्सचे नैसर्गिक स्थान या फिजिओथेरपीच्या सोबत आहे. तिला वगळून नुसते यंत्र लावणे म्हणजे तीन पदरांपैकी एकाच पदराला हात घालणे होय. वेदनेची धास्ती आणि नात्यातील ताण यांसाठी मानसोपचाराची जोड उपयोगी पडते. त्यामुळे वेदना काल्पनिक ठरत नाही. देवडीची दुखरी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया योग्य निवड केलेल्या स्त्रियांत चांगले परिणाम देते, मात्र ती परत न फिरता येणारी वाट आहे आणि टेन्स तशी नाही. म्हणूनही क्रमाने टेन्स आधी येते.

गोव्यासारख्या लहान राज्यात या वाटेची सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून व्हावी, आणि भेटीपूर्वी नेमक्या शब्दांची तयारी असावी. ‘आग होते’ याऐवजी आग केव्हापासून, कोणत्या जागी, स्पर्शाने की आपोआप, बसल्यावर वाढते की नाही, आजवर कोणती मलमे लावली, हे कागदावर लिहून नेले तर दहा मिनिटांची भेटही फुकट जात नाही. सर्व तपासण्या निर्दोष आल्या तर ‘मग हा व्हल्व्होडिनिया असू शकेल का, आणि कापसाच्या काडीची चाचणी करता येईल का’ असे थेट विचारावे. फिजिओथेरपिस्ट निवडताना श्रोणितळाचे प्रशिक्षण घेतले आहे का याची चौकशी करावी. गुडघ्याला करंट देण्याचा अनुभव येथे पुरेसा नाही. तपासणीच्या वेळी सोबत विश्वासातली स्त्री असावी, आणि दुखले की थांबवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे.

रोपणाच्या उपकरणाची सोय महानगरांतील मोजक्या रुग्णालयांत आहे आणि खर्च मोठा आहे. तसा सल्ला मिळाला तर काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. चाचणीचा काळ किती दिवसांचा? गुण आला हे कोण आणि कोणत्या मोजमापाने ठरवणार? तार सरकली, संसर्ग झाला किंवा यंत्राची जागा दुखू लागली तर पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च कोणाकडे? बॅटरी किती वर्षांची, ती बाहेरून भारित करता येते का? त्यानंतर एमआरआय तपासणी करता येईल का, आणि कोणत्या अटींवर? गर्भधारणेचा विचार असेल तर उपकरण त्या काळात बंद ठेवायचे का? विमा कंपनी हा उपचार मान्य करते का, हेही आधी लेखी कळवून घेतलेले बरे.

उपचार कोणताही असो, सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर प्रत्येक आठवड्याला वेदनेची नोंद ठेवावी. शून्य ते दहा या मापात वेदना किती, किती वेळ सलग बसता आले, दुचाकीवरून किती अंतर जाता आले, रात्रीची झोप कशी होती, एवढ्या चार ओळी पुरतात. मिलानच्या अभ्यासात २० सत्रे दहा आठवड्यांत झाली होती. तेवढ्या अवधीनंतरही नोंदवहीतील आकडे जागचे हलले नसतील, तर तोच प्रवाह पुढे रेटण्याऐवजी निदानाकडे पुन्हा एकदा वळावे लागते: संसर्ग नजरेतून सुटला का, संप्रेरकांचा काही भाग आहे का, स्नायूंची आवळ सैल झाली का, की वेदना मुळात प्युडेंडल मज्जातंतूच्या वाटेवरची आहे आणि तिला भूल देऊन पाहायला हवे.